शिडी वर ओढून

लातूर नवा जिल्हा झाला, तसे सरकारी बांधकामाचे नियमही नवे आले. औशाच्या मरिबा मिस्त्रीला त्याचा फार आनंद झाला. काही वर्षांपूर्वी एका ताज्या स्लॅबला कुणी पाणी मारलं नव्हतं, म्हणून तो कोसळला आणि त्याखाली सापडून मरिबाचा भाऊ गेला होता. "स्लॅबवर पाणी उभं केल्याबिगर काम पास न्हाई. हे लई आधी पाहिजे हुतं," तो म्हणायचा.

मग दुष्काळ पडला. गल्लीतली विहीर आटली. मरिबा बांधत होता त्या दवाखान्याच्या स्लॅबसाठी मात्र टँकर आला, कारण नियमच तसा होता. माणसांच्या तहानेचा नियम कुणी केला नव्हता. मरिबानं स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून आळी केली आणि त्यात पाणी तुंबवलं. दुपारपर्यंत खाली बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. जनावरांपुरतं तरी द्या, म्हणाल्या. एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागणार, आळी कोरडी पडणार, आणि कोरड्या स्लॅबखाली काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं शिडी वर ओढून घेतली आणि पाण्याकडं पाठ करून बसला.

त्याची बायको धुरपता भाकरी अन् पाण्याचा तांब्या घेऊन आली. "शिडी सोडा," ती म्हणाली. तिच्यामागं सगळ्या बायका पुढं सरकल्या.

"घिऊन जा. भूक न्हाई."

धुरपतानं वाद घातला नाही. तिनं तांब्या शेजारणीच्या घागरीत रिकामा केला आणि वर न बघता घरी गेली.