हुफूफची मॅच आणि न प्यायलेला गहवा

आमच्या टीमचा कॅप्टन फहद तपासणीच्या टेबलावर पालथा पडला होता आणि माझा अंगठा त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला, नेमका दुखऱ्या जागी होता. तेवढ्यात दार उघडून आमचे मुदीर आत आले. मुदीर म्हणजे साहेब. सौदीतल्या जेद्द्याच्या आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटचे डायरेक्टर. त्यांना सगळे अबू तुर्की म्हणत, म्हणजे तुर्कीचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात.

"मुबारक हो," ते म्हणाले. "हुफूफहून आमंत्रण आलंय. मी हो म्हणून टाकलं."

फहद हसला. मी अंगठा थोडा दाबला. तो हसायचा थांबला.

मी त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा फिजिओथेरपिस्ट होतो. मूळचा दापोलीचा. खेळाडू मला डॉक्टर म्हणत, आणि मीही फारसा विरोध करत नसे. हा किस्सा आठवायचं कारण माझा मुलगा. तो सध्या अमेरिकेत शिकतो. तिकडे कॉलेजच्या टीमना सीझन संपल्यावर एका जास्तीच्या मॅचचं आमंत्रण येतं, तिला बाउल म्हणतात. त्यांचा फुटबॉल वेगळा, बराचसा हाताने खेळतात, पण ते असो. मुलाच्या टीमला असं आमंत्रण आलं आणि खेळाडूंनी नको म्हटलं. कॅम्पसमध्ये दोन तट पडले. हा फोनवर तावातावाने सांगत होता, "अब्बा, हू सेज नो टु अ बाउल?" मी म्हटलं, बाळा, आम्ही म्हटलं होतं. आणि त्यासाठी विमानाने गेलो होतो.

तर हुफूफचं आमंत्रण. आमची लीग संपली होती. आमचा दुसरा नंबर आला होता, आणि त्या कॉलेजच्या मानाने ती दिवाळीच होती. हुफूफ देशाच्या दुसऱ्या टोकाला, खजुराच्या बागांचं गाव. तिथल्या कॉलेजच्या टीमचे आश्रयदाते म्हणजे खजुराचे एक मोठे व्यापारी, अबू सालेह. त्यांना सीझनच्या शेवटी एक मैत्रीची मॅच भरवायची हौस होती. कप, भाषणं, शंभर माणसांचं जेवण. लीगच्या हिशेबात तिला काडीची किंमत नव्हती. मान मात्र होता.

अडचण फहदच्या मांडीत होती. शेवटच्या मॅचमध्ये त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला होता. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ज्याच्या जोरावर माणूस पळतो. आमच्या भाषेत तो ग्रेड टू स्ट्रेन होता. सोप्या भाषेत सांगायचं तर जुनी चादर एखाद्या जागी विरते तसं. घडी घालून ठेवली तर टिकते, ओढली की टर्रकन फाटते. त्याला सहा आठवडे विश्रांती हवी होती आणि मॅच तिसऱ्या आठवड्यात होती.

एरवी मी म्हटलं असतं, फाटू दे, पुन्हा शिवू. पण फहदला जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर ट्रेनी म्हणून घेतलं होतं. पुढच्याच महिन्यात मेडिकल. त्यात शिडी चढून दाखवायची होती. मेडिकलमध्ये नापास झाला की जागा दुसऱ्याला. घरात वडील नव्हते, धाकटी चार भावंडं होती. आई त्या नोकरीच्या नावाने आधीच दोनदा बिर्याणी वाटून मोकळी झाली होती.

सौदीकरणाची ती वर्षं होती. सरकारने सांगितलं होतं की प्रत्येक ठिकाणी ठरावीक प्रमाणात सौदी माणसं हवीत. नसतील तर परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडकतात. त्या नियमाने फहदला नोकरी मिळत होती आणि त्याच नियमाने माझी जात होती. माझ्या हाताखाली नाइफ नावाचा तरुण सौदी फिजिओ आला होता. तो तयार झाला की मी दापोलीला. पोरगा हुशार होता, हाताला गुण होता. फक्त सकाळी आठ ही वेळ घड्याळात असते, यावर त्याचा विश्वास नव्हता. मी त्याला मनापासून शिकवत होतो, आणि मनापासूनच त्याची कुठेतरी बदली व्हावी म्हणून दुआ मागत होतो. दोन्ही एकदम चालायचं.

मुदीरना मी सांगितलं, फहद खेळणार नाही. ते म्हणाले, दहा मिनिटं तरी. अबू सालेहना त्यालाच बघायचंय. मी म्हटलं, मग त्याला घरी ठेवा आणि बाकीचे जाऊ द्या.

टेबलावरून फहद म्हणाला, "टीम गेली तर मी जाणार. आणि गेलो तर खेळणार. कॅप्टन बाहेर बसून ज्युनिअर पोरांना मार खाताना बघत नसतो."

हे त्याचं खरं होतं. अर्धे सीनिअर सुट्टीवर गेले होते, उरलेल्यांच्या गुडघ्या-घोट्यांना मी टेप लावून उभं केलं होतं. ट्युनिशियन कोच तर शेवटच्या शिट्टीनंतर थेट एअरपोर्टवर गेला होता. म्हणजे फहदचा पाय वाचवायचा असेल तर उपाय एकच. टीमनेच जायचं नाही.

"मग नाही म्हणून कळवा ना," मी मुदीरना म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना भर बाजारात टोपी काढायला सांगितली. शब्द दिला होता. फोनवर, चार माणसांसमोर, स्पीकर चालू असताना. फिटनेसच्या दाखल्यावर सही नाही करायची तर नको करू, नाइफ करेल, असं म्हणून ते निघून गेले. यल्ला, म्हणजे चला, विषय खलास.

नाइफने सही केली असती तर माझी खुर्ची त्याला त्याच दिवशी मिळाली असती. मला रात्री जेवण गेलं नाही, हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी तो चक्क आठ वाजता हजर. म्हणाला, डॉक्टर, ती मांडी मीही तपासलीय, मी सही करत नाही. पण फोनवर नकारही देता येणार नाही. दिलेला शब्द परत घ्यायचा तर ज्याला दिलाय त्याच्या घरी जावं लागतं.

"जाऊन काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगायचं नाही. मागायचं," तो म्हणाला आणि मुदीरच्या केबिनमध्ये गेला.

आत काय झालं ते मला कळलं नाही. बाहेर आला तेव्हा चार तिकिटं ठरली होती. मुदीर, नाइफ, मी आणि फहद. फहदला सांगितलं, ग्राउंड बघायला चाललोय. मला सांगितलं, तुम्ही फक्त बसा. मुदीर मात्र कधी नव्हे ते मोकळे दिसत होते. माणूस स्वतःच्याच शब्दात अडकला होता आणि बाहेर पडायची वाट कोणीतरी दाखवली होती, एवढं मला समजलं.

घरी बायको बॅग भरताना म्हणाली, "नाय सांगायला इमानाचं तिकीट कशाला हवा? फोन नाय काय?"

हुफूफला उतरलो तेव्हा ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. अबू सालेहांची मजलिस म्हणजे लांबलचक बैठकीची खोली, भिंतीला लागून गाद्या. जमिनीवरच बसायचं. फहद बसताना एका हातावर भार देऊन, पाय लांब ठेवून बसला. अबू सालेह साठीचे, बारीक डोळ्यांचे गृहस्थ. त्यांनी ते बघून ठेवलं.

गहवा आला. वेलदोडा घातलेली फिकी सौदी कॉफी, इवल्याशा बिनकानाच्या कपात. वाढणारा उभाच राहतो आणि कप रिकामा झाला की पुन्हा ओततो. बस झालं हे तोंडाने सांगायचं नसतं, कप हलवून दाखवायचा. ही रीत मला माहीत होती आणि तिचा मला जरा अभिमानही होता. घसा कोरडा पडला होता. मी एक कप संपवला, दुसरा संपवला, तिसरा संपवून अगदी झोकात कप हलवला.

मग माझ्या लक्षात आलं की कप हलवणारा मी एकटाच होतो. मुदीरनी आपला कप ओठाला न लावता समोर खाली ठेवला होता. नाइफनेही. फहद गोंधळून एकदा कपाकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. वाढणारा किटली धरून पुतळा झाला होता. पाहुण्याने कॉफी समोर ठेवली आणि प्यायली नाही, तर तो काही मागायला आलाय, हा तिकडचा जुना रिवाज. आणि कॉफी न पिता पाहुणा उठून गेला तर यजमानाची गावभर नाचक्की. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं, कॉफीत माशी पडली असावी.

अबू सालेहांनी त्या दोन कपांवरून फहदच्या लांब केलेल्या पायाकडे नजर नेली. त्या माणसाने शंभर जणांचं जेवण ठरवलं होतं, कप बनवून घेतला होता. कशाला मान द्यायचा, हा त्याचा प्रश्न होता. आणि समोर एका पोराचा पाय आणि त्याचं घर होतं.

"प्या, अबू तुर्की," ते शेवटी म्हणाले. "जे मागाल ते दिलं."

"मॅचमधून आम्हाला मोकळं करा," मुदीर म्हणाले. "माझा कॅप्टन जखमी आहे आणि तो ऐकणारा नाही."

"मोकळे आहात."

मुदीरनी कप उचलून एका घोटात संपवला. नाइफनेही. मग अबू सालेहांनी माझ्या रिकाम्या कपाकडे बोट केलं. "आणि या डॉक्टरांची काही मागणी नाही वाटतं?"

मी म्हटलं, मागणी तीच होती, पण तहान जास्त होती. ते इतके हसले की वाढणाऱ्यानेही किटली खाली ठेवली.

फहद हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. जेवणाच्या थाळ्यापाशी तो माझ्यापासून लांब बसला. परतीच्या प्रवासात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याला न विचारता त्याच्या नावाने याचना केली, याचा राग होता, आणि तो राग मला पटतही होता. पण फाटलेल्या मांडीपेक्षा रागावलेला कॅप्टन बरा, असं मनाला समजावलं.

जेवणानंतर अबू सालेहांनी विचारलं, पोराला झालंय तरी काय? मी माझ्या मोडक्या अरबीत सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यात अडकलो, तेव्हा नाइफने सूत्रं घेतली. त्याने गादीच्या काठाची दोरी ताणून स्नायू समजावला. मी नेहमी सांगायचो ती विरलेली चादर वापरली, पण त्याच्या तोंडी ती चादर नव्हती, उंटाच्या पाठीवरचं खोगीर बांधायचा पट्टा होता. अबू सालेह मन लावून ऐकत होते. मग त्यांनी स्वतःचा गुडघा पुढे केला. पाऊण तास नाइफ त्या गुडघ्यावर होता, व्यायाम दाखवत होता आणि खजूर कमी खा म्हणून खजुराच्या व्यापाऱ्याला दमही देत होता. हे सगळं मी शिकवलेलं होतं, आणि मी शिकवलं त्यापेक्षा चांगलं होतं.

निघताना पुन्हा गहवा आला. या वेळी मी सावध होतो, सगळे पितात का ते बघितलं. आम्ही चौघेही प्यालो. प्यायले नाहीत ते अबू सालेह. त्यांनी आपला कप सावकाश गालिच्यावर ठेवला.

मुदीर सवयीने म्हणाले, "अबशिर." म्हणजे आज्ञा करा, झालंच म्हणून समजा. विचार न करता हो म्हणायची त्यांची जुनी खोड.

"आमच्या कॉलेजला सौदी फिजिओ हवाय," अबू सालेह म्हणाले. "वर्षभर शोधतोय. माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा आज पहिल्यांदा भेटला. हा पोरगा द्या."

मुदीरचं तोंड उघडंच राहिलं. अबशिर म्हणून शब्द आधीच देऊन झाला होता. नाइफने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर हो म्हणाले तर," तो म्हणाला.

कित्येक महिने मी हेच मागत होतो. आता ते आयतं समोर आलं होतं. हा गेला की माझी नोकरी शाबूत, हे मला लख्ख दिसत होतं. आणि हा गेला की टेबलाच्या पलीकडे कोणी नसेल, हेही. मी म्हटलं, जा. तिथे तू कोणाच्या हाताखाली नसशील. आणि आठ वाजता जात जा.

पुढचं थोडक्यात. मॅचच्या दिवशी हुफूफच्या दोन कॉलेजांचे मास्तर एकमेकांशी खेळले, कप त्यांनी घेतला, जेवण ठरल्याप्रमाणे झालं. फहद मेडिकलला शिडी चढला. त्याचा फोन जुबैलहून आला. सॉरी म्हणाला नाही, आईने बिर्याणी पाठवलीय, कुठे पोचवू, एवढंच विचारलं. कॉलेजला माझ्या जागी नवा सौदी मिळायला दोन वर्षं लागली, तोवर माझा इकामा गुपचूप वाढत राहिला. नाइफ आता हुफूफला डिपार्टमेंटचा हेड आहे. साडेआठला येतो म्हणे.

या सगळ्यातून मी व्यवसायाचा असा एकच धडा घेतला. नकार हा मागणीसारखा समोर ठेवावा, मग देणाऱ्याचाही मान राहतो. दापोलीला परतल्यावर मी तो कपाचा रिवाज दोनतीनदा करूनही पाहिला. ग्रामपंचायतीत पाण्याच्या लाइनसाठी गेलो, चहा आला, मी कप न पिता टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. सरपंचांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "अरे, साखर आण रे. पाहुण्यांना कमी झालेली दिसतेय."