शोभाबाईचे चाळीस लंगोट

शोभाबाईच्या घरात चार माणसं राहत आणि पाचवा तिचा राग. तो सगळ्यांच्या आधी उठायचा. नळाला पाणी उशिरा आलं की नगरपालिकेचा उद्धार, दूध पातळ दिसलं की गवळ्याचा, आणि कुणीच हाताशी नसलं तर शेगडीचा. नवरा गेला तेव्हा मुलगा गोकुळ सात वर्षांचा होता. तेव्हापासून बावीस हंगाम तिनं नंदुरबारच्या पथारीवर काढले होते. पथारी म्हणजे गावाबाहेरचं ते मोकळं मैदान, जिथं ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवतात. तिथं सकाळी सातपासून उन्हं उतरेपर्यंत मिरचीचे देठ खुडायचे. त्या देठांवर तिनं गोकुळला वाढवलं, त्याच्या रिक्षाला पैसे उभे केले, त्याचं लग्न लावलं. रडत बसले असते तर उपाशी मेले असते, रागावले म्हणून जगले, असं ती स्वतःच सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं.

सून यामिनी पोटुशी आहे हे कळलं, त्याच आठवड्यात गोकुळ हौसेनं आईला बाळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं आधी डायपरचं पाकीट पुढे ठेवलं. शोभाबाईनं किंमत विचारली, पाकिटात किती नग ते विचारलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक लंगोटना पंधरा रुप्या? अनं तोबी फेकी द्याना?"

दुकानदार हसला. हसायला नको होतं. पुढची दहा मिनिटं शोभाबाईनं त्याच्या दुकानात उभं राहून त्याला, त्याच्या कंपनीला आणि मुलांना असलं बांधणाऱ्या समस्त आयांना धुऊन काढलं. गोकुळ बाहेर रिक्षात जाऊन बसला. आईच्या तोफेसमोर उभं राहायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लहानपणीच आलं होतं.

घरी येऊन तिनं पेटी उघडली. तळाशी तिची दोन जुनी सुती पातळं होती, धुऊन धुऊन विरलेली, पण कुठं फाटलेली नव्हती. तिनं ती कडुनिंबाचा पाला घालून मोठ्या पातेल्यात उकळली, कडक उन्हात वाळवली आणि कापायला घेतली. तीन महिने शिवण चाललं. बाहेरून पातळाचा कपडा, मधे गोकुळच्या जुन्या बनियनचा पदर, आणि शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचायला नको. असे चाळीस लंगोट झाले. वर बारा दुपटी, सहा झबली आणि दोन टोपडी. झोपवताना खाली अंथरायला रबरी कापड विकत आणायचा विषय निघाला, तेव्हा तिनं रिक्षाचं जुनं रेक्झिनचं छत सोडून आणलं, घासून धुतलं आणि त्याचे दोन तुकडे केले. एक रुपया खर्च न होता बाळाचं सगळं सामान एका ट्रंकेत भरलं. आल्यागेल्याला ती ट्रंक उघडून दाखवायची, लंगोट समोरच्याच्या हातात द्यायची आणि समोरचा वा म्हणेपर्यंत परत घ्यायची नाही.

यामिनीचं बाळंतपण माहेरी, सारंगखेड्याला झालं. मुलगा झाला. नाव ठेवलं भाग्येश. सव्वा महिन्यानं, ऐन थंडीत ती बाळाला घेऊन सासरी आली. बाळ गुटगुटीत होतं आणि कातडी अशी तुकतुकीत की बघत राहावं. बरोबर बॅगेत डायपरची दोन पाकिटं होती. शोभाबाईनं बाळाला दृष्ट काढून आत घेतलं आणि पाकिटं माळ्यावर फेकली.

"तुन्हा बापनी सवय लाई का हाई? आठे नही चालणार."

यामिनी बॅगेतले बाकीचे कपडे काढू लागली. ती मुळात कमी बोलणारी, आणि या घरात बोलण्याचा सगळा वाटा सासूनं आधीच उचललेला होता.

मग कामाची वाटणी झाली. लंगोट धुवायचे आणि गच्चीवर वाळत घालायचे यामिनीनं. घड्या घालायच्या मात्र शोभाबाईनं. सुनेच्या घड्या तिला पटायच्या नाहीत. कागदाच्या फायली लावल्यात का, म्हणायची. संध्याकाळी सहाला ती पथारीवरून यायची. अंगावरचा जुना सदरा आणि डोक्याचं फडकं दाराबाहेर काढायची, साबणानं खसाखसा हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि वाळलेल्या लंगोटांचा ढीग मांडीवर ओढायची. एकेक लंगोट तळहातानं दाबून, चोळून, सुरकुती मोडून ती घडी करायची. मग गालाला लावून बघायची. लोण्यासारखा लागला की पुढचा. दिवसभराच्या धबडग्यात हा तेवढा अर्धा तास तिचा राग गच्चीवर जाऊन बसत असावा. मग ती बाळाला मांडीवर घ्यायची, त्याच्या मुठीत आपलं बोट द्यायची, त्याचे गाल कुरवाळायची.

आठ दिवसांत बाळाच्या जांघा लालबुंद झाल्या. पाठोपाठ ढुंगणावर पुरळ आलं. ते किंचाळून रडायला लागलं, आणि तेही नेमकं संध्याकाळी. शोभाबाईनं पहिला आरोप माहेरच्या डायपरवर ठेवला: तिथंच कातडी नासली, आता बाहेर येतंय. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक मलम लिहून दिलं आणि डायपर घालत असाल तर बंद करा म्हणाले. झालं. शोभाबाईला ते वाक्य म्हणजे कोर्टाचा निकाल मिळाला. तिनं तो गल्लीत चार घरी जाऊन ऐकवला.

डायपर बंदच होते, तरी पुरळ वाढलं. मग साबण बदलला. बोअरच्या पाण्याला नावं ठेवली. यामिनीनं वांगं खाल्लं म्हणून यामिनीला ठेवली. यामिनीच्या स्वतःच्या बोटांना लंगोट बांधल्यावर चुरचुरायचं, ते तिनं साबणावर ढकललं. हंगामात अख्ख्या नंदुरबारला ठसका लागतो, रस्त्यावर माणसं रुमाल नाकाला लावून चालतात. त्यात शोभाबाईच्या घराला बारा महिने मिरचीचा वास. तो कुणाच्या ध्यानात येणार? सगळीकडे शोधून झालं, काखेतला कळसा तेवढा कुणी बघितला नाही.

बाळाच्या गालांवरही लाल चट्टे उठू लागले. शोभाबाईनं मांडीवर घेतलं की ते थोड्या वेळानं आकांत मांडायचं आणि यामिनीनं घेऊन पुसलं-न्हाऊ घातलं की हळूहळू निवायचं. हे शोभाबाईच्या फार जिव्हारी लागलं.

"तुन्ही मायच शिकाडस तुले," ती बाळाशी बोलायची आणि ऐकायचं सुनेनं. "आजीकडे गया का रड, आसं सांगस ना ती?"

एका सकाळी बाजरीच्या डब्यामागं तिला डायपर सापडले. यामिनीनं माळ्यावरचं पाकीट फोडून रात्रीपुरते काढून ठेवले होते.

"मन्हा घरमा चोरी," शोभाबाई म्हणाली.

"हाई बांधं तवयच तो झोपस, आई," यामिनी म्हणाली. लग्नानंतर सासूला तिनं पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं असेल.

शोभाबाईनं पुढे जे काढलं ते लिहिण्यासारखं नाही. तीन महिने बोटांना सुई टोचून जे शिवलं ते या पोरीनं प्लास्टिकसाठी बाजूला सारलं, हे तिला सहनच होईना. तिनं सगळे डायपर उचलून कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकले आणि तणतणत पथारीवर गेली. यामिनीनं बापाला फोन लावला.

संध्याकाळी शोभाबाई परतली तेव्हा दारात टेंपो उभा होता. यामिनीचा बाप रतिलाल पपईचा टेंपो चालवायचा. शहाद्याला माल उतरवून तो थेट आला होता. आत बॅग भरलेली. गोकुळ भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा.

"याहीन, पोरले अनं नातूले मी ली जास," रतिलाल म्हणाला. "होळी झाई का धाडसू."

शोभाबाईनं भरलेल्या बॅगेकडे बघितलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच दार होतं, आणि त्यातून बाहेर पडायचा तो रागच.

"कसाले? मन्हा घरमा काय काटा पेरेल शेत का?"

ती हातपाय धुऊन आली, चहा नको म्हणाली आणि सवयीनं लंगोटांचा ढीग पुढ्यात ओढला. घड्या घालत ती भांडत होती आणि भांडत घड्या घालत होती. एकेक लंगोट तळहाताखाली असा रगडत होती की जणू तोच रतिलाल आहे. गावात तुम्ही मोठे, आम्ही मजूर, म्हणून आमचा कपडा तुमच्या नातवाला चालत नाही. असं बरंच काही.

"तसं नही," रतिलाल शांतपणे म्हणाला. "पन तुम्हना लंगोट त्याले टोचतस."

"टोचतस? ह्या?" शोभाबाईनं नुकताच घडी केलेला लंगोट उचलून स्वतःच्या गालावर, ओठावर, मिटल्या डोळ्यांवर फिरवला. मग तो रतिलालच्या हातात कोंबला. "ल्या. डोयाले लाई दखा. मंग सांगा टोचस का."

रतिलाल भला माणूस. दिवसभर धुळीत गाडी चालवून त्याचा चेहरा तसाही चिकट झाला होता. विहीण एवढं म्हणते आहे तर म्हणून त्यानं तो मऊ कपडा दोन्ही डोळ्यांवर दाबला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं.

क्षणभर काही झालं नाही. मग तो ताडकन उठला. डोळे मिटून, चाचपडत मोरीकडे धावला, वाटेत चहाचा कप लाथेनं उडाला. चार तांबे पाणी तोंडावर मारलं तरी डोळे उघडेनात. नाकातून पाणी, शिंकांवर शिंका.

"याहीन," तो मोरीतूनच म्हणाला, "यामा मिरची टाकी का तुम्ही?"

"मी?" शोभाबाईचा आवाज चिरकला. "मन्हा नातूले मी मिरची लावसू?"

तिनं दुसरा लंगोट उचलून डोळ्यांना चोळला. तिसरा चोळला. काही नाही. कोरड्या डोळ्यांनी ती सगळ्यांकडे बघत राहिली. बघा, काही आहे का यात?

यामिनीनं बाळाला गोकुळकडे दिलं. घडीवरचा एक लंगोट उचलून ओठाला टेकवला आणि झटकन बाजूला केला. मग न घडी केलेल्या ढिगातला एक ओठाला लावला. तो तिनं तसाच धरून ठेवला. मग ती सासूसमोर बसली.

"आई, तुम्हना हात दखाडा."

शोभाबाईनं हात पुढे केले. तांबूस, भेगाळलेले, नखांच्या कडा कायमच्या लालसर. यामिनीनं तिचं एक बोट धरून जिभेच्या टोकाला लावलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हात धोईसनबी मिरची शे, आई."

"माले काहीच लागत नही," शोभाबाई म्हणाली.

ते खरं होतं. पथारीवर नवी बाई येते तेव्हा पहिला आठवडा ती रात्र रात्र हात ताकात बुडवून बसते. शोभाबाई अशांना हसायची, नाजूक म्हणायची. तिला आठवेना की आपल्या हातांची आग कधी थांबली. पाचव्या हंगामात? सातव्या? कातडी मेली, डोळेही सरावले, हे कळलंच नाही. बावीस वर्षं त्या मैदानावर शेकडो बायांना एकच नळ, आणि साबणाचा तुकडा, तेलाचं बोट कुणी कधी ठेवलं नाही. पाण्यानं मिरची उतरत नाही हे मिरचीच्या शेठांना ठाऊक नसेल? चीड येते ती याची. फोटो काढायला कुणी आलं की तोंडाला बांधायला फडकी वाटायची, आणि फोटो झाला की ती मोजून परत घ्यायची.

पण शोभाबाईला त्या वेळी शेठ आठवला नाही. तिला रोजच्या संध्याकाळी आठवल्या. मांडीवरचं बाळ, त्याच्या गालावर फिरणारे आपले हात, त्याच्या मुठीतलं आपलं बोट, ती मूठ त्यानं नंतर डोळ्यांना चोळणं. ते आपल्याच हातात जळत होतं आणि आपण त्याच्या आईला शिव्या देत होतो. ती रडली नाही. तिनं आपल्याच तळहातावर दुसऱ्या हातानं फाडकन मारलं, पुन्हा मारलं, आणि गोकुळनं पुढे होऊन धरलं तेव्हा त्याच्यावरही खेकसली.

"आई, पथारीनं काम सोडी दे," गोकुळ म्हणाला.

"अनं मंग? तुन्ही रिक्षावर चार जीव खातीन का?"

गोकुळनं तिचे हात सोडले. हंगाम अजून दोन महिने होता.

रतिलाल सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर येऊन बसला. बॅग दारातच होती. आता ती उचलावी की नाही, हे त्यालाही कळेना. यामिनी म्हणाली की मी नाही गेले तरी चालेल, घड्या मी घालीन, आई हाताला तेल लावतील, बेसन लावतील, काहीतरी करू. तिचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळे शोभाबाईला जास्त राग आला.

"अनं मी राहसू का त्याले हात लायाशिवाय?" ती ओरडली. "तो रडी अनं मी दूर बशी राहसू? माले नही जमणार. ली जा त्याले. मिरची सरी जाई तवलोंग आठे आनू नका."

 तिनं पायानं लंगोटांचा ढीग बॅगेकडे सरकवला, हात लावला नाही. "हाई तीनदाव उकाळा. फेकू नका," म्हणाली.

टेंपोत यामिनी पुढे बसली, बाळाला छातीशी धरून. शोभाबाई दारापाशी आली. निघणाऱ्या लेकराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडायची, दृष्ट काढायची, ही तिची रीत. हात अर्धे वर गेले. मग तिनं ते मागं नेले आणि पाठीशी एकमेकांत अडकवले. बाळ जागं होतं. दुपट्याबाहेर आलेली त्याची मूठ उघडत होती, मिटत होती. शोभाबाईनं त्या मुठीकडे बघितलं आणि तोंड फिरवून रतिलालला दरडावलं की तापीच्या पुलावर गाडी हळू चालवायची, डोळे अजून लाल दिसतात तुमचे. गाडी सुरू झाली. ती गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली तरी शोभाबाईनं हात पाठीमागून पुढे घेतले नाहीत.