हौसाक्का बसमधून उतरली तो दिवस

हौसाक्का काल सकाळी झोपेतच गेली.

तिला मी चौदा बायकांसमोर नको ते बोलले होते. त्याची माफी मागायची राहून गेली.

हौसाक्का आमची शेजारीण. गारगोटीजवळच्या आमच्या गावात तिचा गोठा आणि आमचा गोठा यांच्यात एकच भिंत.

तीन वर्षांपूर्वी मी बी.ए. झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्यामुळे आईच्या बचत गटाचं सगळं लिहिणं-बोलणं आपोआप माझ्याकडे आलं.

मी पहिलाच विषय मांडला, सहलीचा.

दाजीपूरच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट आहे. सकाळच्या धारा काढून निघायचं, रात्री जेवायच्या वेळेला परत. एक दिवस एकाही बाईनं काम करायचं नाही.

"आन सांजच्या धारा?" कुणीतरी विचारलं. गटातल्या सात घरांत दुभत्या म्हशी होत्या.

"पुरुष काढतील," मी म्हणाले.

बायका इतक्या हसल्या की मला राग आला. मी घरोघरी जाऊन कबूल करून घेतलं. सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. माझे वडीलसुद्धा.

निघायच्या दिवशी हौसाक्का सगळ्यांच्या आधी बसमध्ये. ठेवणीतलं हिरवं लुगडं, खिडकीची सीट, मांडीवर भाकरीचं गाठोडं. साठी उलटली होती, पण सहलीला ती पहिल्यांदाच निघाली होती.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि ती उठली.

"मी ऱ्हातो. कंबार धरलीया."

खोटं बोलतेय हे मला लगेच कळलं.

"आक्का, तुला धारांचीच काळजी ना?"

"आगं, मुकं जनावर हाय. धार ऱ्हायली की कास सुजती."

"तुझ्यासारख्या बायका आहेत म्हणूनच बाप्यांना काही शिकावं लागत नाही. बस मग जन्मभर शेण काढत."



हौसाक्का हसली. "शेण कुणीतरी काढायच पायजे की, बाय."

तिनं भाकरी आईच्या मांडीवर ठेवल्या. ड्रायव्हरला म्हणाली, "पावणं, घाटात जरा दमानं. म्हाताऱ्या हायत गाडीत."

आणि उतरली.

बस वळणं घेत वर चढत गेली. धुकं, दोन्ही बाजूंना दाट रान. बायका पोरींसारख्या ओरडत होत्या. मग दोघी ओकल्या आणि लिंबू फिरलं.

पाण्याकाठी मी ग्रुप फोटो काढले. स्वतःसाठी जगण्यावर छोटंसं भाषणही केलं. टाळ्या पडल्या.

आईनं वाजवल्या नाहीत. चार वाजल्यापासून ती उन्हाकडे बघत होती.

घरी आलो तर वडील पायाला हळद लावून बसलेले.

"लाथ घातली म्हशीनं. बादली गेली तिकडं आन मी हिकडं."

"मग धार?"

"हौसाक्कानं काढली. सातबी घरांची."

म्हैस रोजच्या बाईशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. घरात म्हैस असून मला हे माहीत नव्हतं. आईनं मला कधी धारेला बसूच दिलं नाही. "तू अभ्यास कर," एवढंच.

हौसाक्कानं प्रत्येक घरातून त्या बाईचं रोजचं लुगडं मागून घेतलं होतं. आपल्या लुगड्यावर ते गुंडाळायचं आणि धारेला बसायचं. एक घर झालं की दुसरं लुगडं. वासानं म्हशी फसल्या.

"आन दूध येळंत डेअरीला," वडील म्हणाले.

मी आईकडे पाहिलं.

"बसमधनं मीच उतरणार हुतो," ती म्हणाली. "तिनं खांदा दाबून बसीवलं मला. म्हणाली, पोरीनं एवढ्या मनानं केलंय, आईच उतरली तर तिला कसं वाटंल?"

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला तिच्या गोठ्यात गेले.

"तळं केवढं हाय गं?" तिनंच आधी विचारलं.

मी हातांनी दाखवायला गेले. जमलं नाही.

"तुला दाखवतेच. पुढच्या हिवाळ्यात आपण दोघीच जाऊ."

"बघ बाय, बोललीस."

माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग मी नोकरीसाठी कोल्हापुरात आले. गावी गेले की ती भिंतीवरून विचारायची, "कवा?"

"सुट्टी मिळाली की."

रविवार होते माझ्याकडे. मी गेले नाही.

नंतर तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरली असेल.

बाप्यांनी धार काढायला शिकावं, हे मला आजही वाटतं. पण ते महिनाभर आधी शिकवायला घ्यायला हवं होतं. आणि शिकवू शकणारी हौसाक्काच होती. मी तिला विचारलंच नाही. थेट बसमध्ये बसवलं आणि उतरली म्हणून बोलले.

आक्का, तुला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून हेही सगळ्यांसमोर लिहितेय. त्या दिवशी बसमध्ये होत्या त्यांतल्या ज्या फेसबुकवर आहेत, त्यांना टॅग केलंय. ज्या नाहीत, त्यांना वाचून दाखव, असं आईनं मला सांगितलंय. मी दाखवीन.

माझं चुकलं.

हौसाक्का, तुला शेवटचा नमस्कार.