एक डोळा झाकला की बरं वाटतं

जाधव सरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. वर वनिताचं नाव होतं. खाली एक ओळ आधीच टाइप केलेली होती, 'दृष्टिदोषामुळे प्रशिक्षणास अपात्र'. फक्त माझी सही हवी होती.

"मॅडम, तुम्हीच डोळे तपासलेत. सही करून टाका. वेटिंगवर बायका आहेत," सर म्हणाले.

मी पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळ्यांचा नंबर काढणारी. बारामतीत तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, आता ते मुलगी बघते. शहराबाहेर एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं बायकांना वेल्डिंग शिकवतात. जाधव सर तिथले प्रमुख. त्यांनी मला बोलावलं, कारण बारा जणींच्या बॅचमधल्या चौघींची डोकी दुखत होती.

तिथं सुरुवातीचा सराव व्हीआर हेडसेटवर होतो. डोळ्यांवर डबा बांधायचा. आत छोटा स्क्रीन असतो आणि प्रत्येक डोळ्यापुढे एक भिंग. स्क्रीन डोळ्यापासून चार बोटांवर, पण भिंगामुळे तो लांब असल्यासारखा वाटतो. ठिणगी खोटी, धातू खोटा, हात मात्र खरा चालवायचा. असे ठरलेले तास भरल्याशिवाय रॉड धरायचा खरा होल्डर हातात देत नाहीत.

पहिल्या दिवशी मी बाराही जणींचे डोळे तपासले. दोघींना थोडा नंबर निघाला. चष्मे करून दिले आणि काम झालं असं समजून घरी गेले. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. डोकी तशीच दुखत होती. वनिताला तर उलटी झाली होती, आणि तिचा नंबर मी शून्य काढला होता. मी केंद्रावर पोचले, तेव्हा हा फॉर्म तयार होता.

हेडसेट पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सौरभ त्या दिवशी पुण्याहून आला होता. "व्हीआरची सवय व्हायला वेळ लागतो, मॅडम," तो म्हणाला. "काहींना कधीच होत नाही. आणि काहींना सराव नको असतो."

हे वनिताने ऐकलं. ती दारातच उभी होती. कळंबची, तिशीची. बोलताना तिचा आवाज चढला नाही.

"म्याडम, मी सोंग न्हाय करत. शिलाईचं चालतं काम सोडून आलीय हितं. सोंग कशाला करू?"

"घरी दुखतं का गं डोकं?"

"न्हाय. दिसभर मशीनवर बसले तरी न्हाय. ह्यो डबा बांधला की धा मिन्टात कपाळ ठणकतं."

"मग इतके तास काढलेस कसे?"

तिने सरांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "एक डोळा झाकून. एक डोळा झाकला की बरं वाटतं. पर मग रॉड कुठं टेकतोय त्ये कळत न्हाय. मार्क जात्यात."

ते वाक्य ऐकलं आणि मी इंदापुरात जाऊन पोचले.

डिप्लोमा झाल्यावर मी पहिली दोन वर्षं इंदापूरला आबांकडे काम केलं. आबा भिंगं घासायचे. तेव्हा काचेची भिंगं असायची. ओल्या दगडी चाकावर हाताने कड घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. दुकानात दिवसभर पाण्याचा आणि दगडाचा वास. माझ्या बोटांची टोकं पांढरी पडायची. आबा शिकलेले नव्हते. माझं सर्टिफिकेट त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलं आणि वर म्हणाले, "आता ह्ये खरं करून दाखीव."

बाजारच्या दिवशी एकदा डाळजचे एक म्हातारे गृहस्थ आले. नव्या चष्म्याने चक्कर येते म्हणाले. मी तीनदा नंबर काढला. तिन्ही वेळा तोच. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एक डोळा झाकला की ग्वाड दिसतंय बघा."

आबा चाकावरून उठले. "पोरी, एक डोळा झाकून बरं वाटतंय म्हनला, तर नंबर सोड. सेंटर बघ."

त्यांनी चष्मा हातभर लांब धरला आणि त्यातून खिडकीचा गज पाहिला. भिंगाच्या मधोमध गज सरळ दिसायला हवा. एका भिंगात तो तुटलेला दिसत होता. आबांनी भिंग हलवत हलवत गज जुळवला आणि तिथं शाईचा ठिपका दिला. चष्मा परत त्या गृहस्थांच्या डोळ्यांवर चढवला, तर ठिपका बुबुळाच्या बराच खाली आला. भिंग मीच बसवलं होतं. आबा दुसरं भिंग घेऊन चाकावर बसले, आणि मला शेजारी बसवून घेतलं.

सेंटर म्हणजे भिंगाचा खरा मध्य. तो बुबुळासमोर हवा. एका डोळ्यापुढचा वर आणि दुसऱ्यापुढचा खाली असला, तर दोन डोळ्यांना चित्रं खाली-वर दिसतात. डोळे ती ओढून जुळवतात. त्या ओढाताणीत डोकं दुखतं, मळमळतं. एक डोळा झाकला की ओढाताण संपते.

मी सरांना विचारलं, "या चौघी कोणते हेडसेट वापरतात?"

प्रत्येकीचा हेडसेट ठरलेला होता. चौघींचे चार. सौरभला विचारलं तर म्हणाला, मागच्या बॅचमध्ये काही भिंगांवर ओरखडे पडले होते, तेवढी बदलली.

"किती?"

त्याने मोबाइल काढून पाहिलं. "चार. चार सेटमध्ये एकेक."

यादीशी ताडून पाहिलं. चौघींचेच चार सेट निघाले.

मी सौरभला वनिताचा हेडसेट बांधायला लावला. आत एक फुली दाखवता येते, ती लावली. "आता डोळे आळीपाळीने मिट."

त्याने मिटले. पुन्हा मिटले. मग डबा काढून कपाळ चोळत म्हणाला, "फुली उडी मारतेय."

"कुठं?"

"खाली-वर."

मग त्याने स्वतःच ते बदललेलं भिंग काढलं. मी कागदावर मोठी फुली काढली, भिंग बोटभर वर धरलं आणि आतली रेघ बाहेरच्या रेघेशी जुळेपर्यंत सरकवलं. तिथं पेनाने ठिपका दिला. ठिपका भिंगाच्या मधोमध यायला हवा होता. तो दोन मिलिमीटर खाली आला. दुसऱ्या डोळ्यापुढच्या जुन्या भिंगाचा बरोबर मध्यावर आला. बदललेलं भिंग स्वस्तातलं होतं. दिसायला स्वच्छ, ओरखडा नाही, पण मध्यच सरकलेला.

वनिता वाकून ठिपका बघत होती. "येवढ्यानं?"

"एवढ्यानं."

ती हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि जाधव सरांकडे पाहिलं. सर चांगला माणूस. त्यांनी फॉर्म उचलला, तिच्यासमोर फाडला आणि म्हणाले, "वनिताताई, माझं चुकलं." माझंही चुकलं होतं, ते मी त्याच वेळी सांगून टाकलं.

आठवड्यात चारही भिंगं बदलून आली. या वेळी सौरभने प्रत्येक भिंग कागदावरच्या फुलीवर धरून पाहिलं, मगच बसवलं. चौघींचे तास पूर्ण झाले. वनिता आता एका कारखान्यात वेल्डर आहे. पहिल्या दोघींना दिलेले चष्मे मी बघायला मागितले. नंबर इतका कमी होता की चष्म्याची घाई नव्हती. एकीने परत दिला. दुसरी म्हणाली, राहू द्या, फोटोत बरा दिसतो.

नंतर एकदा इंदापूरला गेले होते. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात. विकणारी मुलगी म्हणाली, काय दाखवू? मी उगीचच एक कव्हर घेतलं आणि थोडा वेळ तिथं उभी राहिले. व्हीआर म्हणजे काय हे आबांना सांगायला मला दिवस लागला असता. दोष मात्र त्यांनी माझ्या आधी सांगितला असता.

धंद्यातला धडा म्हणाल तर साधा आहे. माणूस म्हणतो दुखतंय, तर आधी ते यंत्र आपल्या डोळ्यांवर बांधून बघावं. त्याला पाच मिनिटं लागतात. मला चार दिवस लागले.