धुराला बसायला जागा

सांब्राणीचा धूर आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. तुम्ही तिला ऊद म्हणता. तंजावराहून मद्रासला आलेल्या आम्हा मराठी घरांत मात्र सांब्राणी हेच नाव रूढ. शुक्रवारची सायंकाळ, न्हाऊन केस मोकळे सोडलेली अम्मा, तिच्या हातातले धुपाटणे, निखाऱ्यांवर वितळणारे पांढुरके खडे आणि त्यांतून उठणारा तो गोड, जड, किंचित कडवट धूर! देवघरातून माजघरात, माजघरातून पडवीत असा तो फिरे आणि प्रत्येक कोपऱ्यात डोकावून पाही. लहानपणी मला वाटे, हा कुणाला तरी शोधतो आहे. ते वाटणे पुढे माझ्या अंगावर काटा आणणार आहे, हे तेव्हा कसे कळावे?

एकोणीसशे साठच्या दशकाची ती सुरुवात होती. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या आमच्या घरातून समुद्र दिसत नसे, पण दुपार कलली की त्याचा वारा गल्लीत शिरून दारे आपटू लागे. माझा थोरला भाऊ वासू, आमचा अण्णा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना विषमज्वराने गेला. त्याच्यामागे राहिली ती सागाच्या ठोकळ्यातून कोरलेली, हातभर लांबीची, अर्धवट झालेली शर्यतीची मोटार. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत अशा गाड्या लाकडी उतरणीवरून सोडून देत; जी सर्वांत दूर जाईल ती जिंकली. इंजिन नाही, त्यामुळे बढाया मारायची सोय नाही! उतरण सर्वांना सारखीच. पुढचे भांडण केवळ वाऱ्याशी. आपली गाडी एकदा तरी सर्वांच्या पुढे जाऊन थांबावी, ही अण्णाची हौस अपुरी राहिली होती. त्याच कॉलेजात दाखल झाल्यावर ती पुरी करायचे मी मनाशी पक्के केले.

वाऱ्याचा स्वभाव मला त्या गाडीने शिकवला. त्याला समोरून कापणे सोपे. आपण निघून गेल्यावर मागे त्याला शांतपणे मिटू देणे फार अवघड. आपण गेलो त्या ठिकाणी किती खळबळ उरली, यावरच सारा हिशेब! माणसांचेही असेच नसते का? मी गाडीचे नाक बोथट पण गुळगुळीत केले, शेपूट पाण्याच्या थेंबासारखे निमुळते केले, चाकांवर मडगार्डासारखी लाकडी पंखांची ओढणी घातली, पॉलिश कागद घासून घासून बोटांची कातडी सोलून घेतली. तरी चाचणीत ती मध्येच धाप लागल्यागत थबके. दोष कुठे होता?

नमुन्यावर यंत्राने वारा सोडून पाहतात त्या कॉलेजातल्या वाऱ्याच्या बोगद्यात आमच्यासारख्या नवख्यांना कोण उभे करणार! म्हणून मी पडवीतच एक बोगदा रचला. टेबलफॅन, वारा सरळ यावा म्हणून त्याच्यापुढे कागदी नळ्यांची जाळी, आणि वारा दिसावा म्हणून अम्माच्या धुपाटण्यातली सांब्राणी. धूर गाडीच्या नाकावरून रेशमासारखा सरकला, पाठीवर चढला, आणि चालकाच्या आसनासाठी अण्णाने कोरलेल्या उघड्या पोकळीत उतरला. उतरला तो तिथेच राहिला. गोल गोल फिरत वर आला, त्याला मान आली, खांदे आले. डावा खांदा जरा उतरता होता. अण्णा तसाच बसे! मी पंखा बंद केला. सारा धूर विरून गेला. आसनातला मात्र कितीतरी वेळ हलला नाही.

पोकळीत अडकलेल्या हवेचा तो भोवरा होता, हे मला कळत होते. तरी मी एक पाऊल मागे सरलो. आणि नेमकी अम्मा मागे उभी होती. “अय्यो, वासू बसलाय की रे तेच्यांत!” एवढेच ती बोलली. तिच्या आवाजात भय नव्हते, हेच मला अधिक भयंकर वाटले. त्या दिवसापासून शुक्रवारची वाट पाहणे संपले. रोज दिवेलागणीला ती स्वतः निखारे फुलवी, पंखा लावायला सांगे आणि पाटावर बसून धुराकडे पाहत राही. कितीतरी महिन्यांनी ती पोटभर जेवू लागली होती.

माझी अवस्था काय झाली असेल, सांगा! दोष तर सापडला होता. त्या पोकळीवर लाकडाची पातळ पापुद्री बसवली की वारा अडखळणार नव्हता, अण्णाची गाडी धावणार होती. पण मग धूर बसणार कुठे? भावाची हौस पुरवायची तर आईचा मुलगा तिच्या डोळ्यांपुढून उठवायचा, आणि आईला जपायचे तर भावाची गाडी वाटेतच थांबू द्यायची. पापुद्री कापून तयार होती, पण ती चिकटवायला माझा हात धजेना.

नवरात्र आले. आमच्याकडे तेव्हा बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात; मधोमध रक्तचंदनी लाकडाची, बोटभर उंचीची राजाराणीची जोडी. विजयादशमीला सायंकाळी एका बाहुलीला आडवे करून निजवायचे, म्हणजे सण मिटला, अशी रीत. एकदा निजवलेल्या बाहुलीला पुढच्या नवरात्रापर्यंत उठवायचे नाही. त्या सायंकाळी अम्माने राजाला उचलले, पायरीवर न निजवता पडवीत आणले आणि गाडीच्या त्या आसनात हळूच आडवे केले. पदराने त्याचे तोंड पुसले. “किती दिवस बसून राहील? निजू दे तेला. वरून लाव ते,” ती म्हणाली. मी पापुद्रीला सरस लावून ती बसवली. आमच्यापैकी कोणीच रडले नाही.

स्पर्धेच्या दिवशी अम्मा गर्दी टाळून मैदानाच्या पार टोकाला बसली होती. तिथवर कोणतीच गाडी येत नसे. आमची सुटली. आत निजलेल्या राजाचे वजन, वरून अखंड सरकणारा वारा; चाकांचा आवाजही ऐकू येईना. इतरांच्या खुणा मागे पडल्या, टाळ्या वाजता वाजता थांबल्या, कारण ती थांबायचे नाव घेईना. मंद होत होत ती अम्माच्या पायाशी आली आणि उभी राहिली. “आलास?” तिने विचारले. कोणाला, ते मी विचारले नाही.

पुढच्या नवरात्रात अम्माने राणी मांडली आणि तिच्याशेजारी ती मोटार. सरस सोडवून राजाला उठवावे, हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही. आज अम्मा नाही. दर शुक्रवारी सांब्राणी मीच फिरवतो. मोटारीवरून धूर किती सुरेख वाहतो! नाकावरून पाठीवर, पाठीवरून शेपटाकडे, कुठेही न अडखळता, न थांबता. इतके नेटके काम मी आयुष्यात दुसरे केले नाही. मग तो पुढे सरकतो आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत डोकावू लागतो. मी धुपाटणे खाली ठेवतो, बाकावर बसतो, आणि थोडा सरकून शेजारी जागा करतो.

धूर येतो. डावा खांदा जरा उतरता असतो.