शेवटचा शब्द पहिल्या पानावर

चौकशी विभागात त्यांना सगळे 'पूर्णविराम' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. फौजेत किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यात भरती व्हायची असेल, तर उमेदवाराच्या वागणुकीची चौकशी होते. तपास करणारा माणूस गल्लीत जातो, शेजारपाजाऱ्यांना विचारतो आणि वाचता येणार नाही अशा अक्षरात चार ओळी खरडून आणतो. त्या चार ओळींचा नीटनेटका अहवाल करायचं काम पूर्णविरामांचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं.

अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: 'सदर उमेदवाराचे वर्तन देशाच्या सुरक्षेस बाधक असल्याचे आढळून आले नाही.' आता आपल्या भाषेची गंमत अशी, की माणूस नेमकं काय म्हणतोय ते शेवटपर्यंत कळत नाही. सगळं बोलून होतं आणि मग हळूच 'नाही' येतं. त्यांच्या बायकोला हा अनुभव फार आधी आला होता. लग्नाच्या बोलणीत 'मला हे लग्न मान्य' इथवर बोलून यांना ठसका लागला, तो चांगला पाच मिनिटं थांबेना. "माझ्या वडिलांनी तेवढ्या वेळात तीन पेले पाणी संपवलं," असं बाई अजून सांगतात.

पण नोकरीच्या दहाव्या वर्षी याच 'नाही'ने त्यांना चांगलाच हिसका दाखवला. एका मुलाच्या अहवालात ते वाक्य पानाच्या अगदी तळाशी आलं. 'आढळून आले' पहिल्या पानावर राहिलं आणि 'नाही' गेलं दुसऱ्या पानावर. साहेबांची सही पहिल्याच पानावर असते, दुसरं पान टाचणीच्या भरवशावर. टाचणी निघाली, पान हरवलं आणि मुलाला फौजेने घेतलं नाही. दोन वर्षांनी त्याचा बाप तो कागद घेऊन आला. ओरडला नाही, भांडला नाही. ओळीवर बोट ठेवून एवढंच म्हणाला, "साहेब, इथं एक शब्द असायला हवा होता ना?" तोवर मुलाचं भरतीचं वय उलटून गेलं होतं.

तेव्हापासून ते आधी ओळी मोजत आणि मग टाइप करत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे तर साधं पाणीही फुंकून पिणारे झाले.

तर असे हे नाकासमोर चालणारे गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. घरी एकुलती एक मुलगी. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली आणि चार वर्षं नोकरी शोधत असलेली. तिने किती अर्ज भरले ते विचारू नये, वाईट वाटतं. शेवटी दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणीच्या खोलीत एक जागा निघाली. एकच जागा. मुलगी दुसरी आली, म्हणजे प्रतीक्षायादीत पहिली. पहिली आलेली दुसरीच कुणी होती. आणि त्या पहिलीच्या चौकशीचे कागद एका सोमवारी पूर्णविरामांच्या टेबलावर येऊन पडले.

त्यांनी नाव वाचलं, जागा वाचली आणि फाइल मिटून टाकली. मग उघडली. तपासनिसाने लिहिलं होतं: मोर्चात सहभागी, घोषणा दिल्या, गुन्हा नोंद नाही. मोर्चा त्याच कारखान्यावर गेला होता. वर्षापूर्वी तिथे स्फोट झाला, त्यात या मुलीच्या मामाचा हात गेला, आणि सदोष माल घाईघाईने पुढे पाठवला जातो असं ओरडत ती सगळ्यांच्या पुढे चालली होती. खाली शेजारणीचं म्हणणं होतं: 'बोलते फार, पण खोटं बोलत नाही.'

नियम असा, की असा संबंध असला तर साहेबांना सांगायचं आणि फाइल दुसऱ्याकडे द्यायची. ते उठलेही. पण दुसरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, आणि तो वॉर्डाच्या अध्यक्षांचा सख्खा मेहुणा. अध्यक्ष सत्तेतल्या पक्षाचे, मोर्चा त्यांच्या सरकारविरुद्ध. फाइल तिकडे गेली की त्या पहिलीचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पूर्णविराम परत खाली बसले.

मेहुण्याने बातमी पोचवली असावी, संध्याकाळी अध्यक्ष स्वतः घरी हजर. मुलगी शिकवणी घ्यायला गेली होती. चहा घेता घेता त्यांनी आडून आडून सुरुवात केली.

"काका, ताईचं काय चाललंय मग?"

"चाललंय. प्रतीक्षायादीत आहे."

"पहिलीच ना? बघा, काय योग असतो एकेकाचा. आता आमच्या नावाने रस्त्यावर बोंब मारणारी पोरगी उद्या दारूगोळ्याजवळ बसणार? देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे हो. मी काही खोटं लिहा म्हणत नाही. तुम्ही जाणते आहात."

"गुन्हा नाही तिच्यावर."

"नसेल ना. पण अहवाल तर तुमच्या हातात आहे." अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "वहिनी, चहा फक्कड झालाय."

खोटं लिहायचं नव्हतंच. युक्ती अध्यक्षांना ठाऊकही नव्हती. ती पूर्णविरामांच्याच डोक्यात आली. वरच्या परिच्छेदात दोन ओळी वाढवल्या, की 'नाही' आपसूक पुढच्या पानावर जाणार, आणि टाचणी सैल लावली की ते पान वाटेत गळणार. कुणी विचारलं तर चूक. अठ्ठावीस वर्षांत दुसरी चूक, कोण काय म्हणेल? सुंठीवाचून खोकला जाणार होता. हे सुचलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पण गंमत बघा, सुचलेलं काही जाईना.

पुढचे दोन दिवस त्यांनी स्वतःला आणि घराला छळलं. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधला. बसायचे, उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. "अहो, पायाला भिंगरी लागलीय का?" बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसले. मनात सारखा एकच हिशेब. घोषणा देणारी मुलगी तिथे धोक्याची, की नेमकी तिथेच हवी? सदोष गोळा पुढे गेला तर तो हातात घेणारा सैनिकही कुणाचा तरी मुलगा. असं पटायला लागलं, की स्वतःची मुलगी समोरून जायची, कालचाच ड्रेस घातलेली, आणि विचारायची, "बाबा, यादी हलली का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते त्या पहिलीच्या गल्लीत गेले. का गेले? तिच्यात काहीतरी वाईट दिसावं म्हणून, दुसरं काही नाही. एकदा का ती उर्मट, उडाणटप्पू निघाली असती, की यांची वाट मोकळी झाली असती. ती दारात सायकलची चेन बसवत होती, हात काळे झालेले.

"कुणाकडे जायचंय, काका?"

त्यांनी तोंडाला येईल ते नाव सांगितलं.

"या नावाचं इथे कुणी नाही. पण थांबा, आईला विचारते. उन्हातनं आलात, पाणी घ्या आधी."

ती आत गेली. उंबऱ्याजवळ खुर्चीवर तिची प्रमाणपत्रांची फाइल होती, निळी, कोपऱ्याला फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. तश्शीच एक यांच्या घरी कपाटावर पडलेली असे. पाणी यायच्या आत पूर्णविराम तिथून निघाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल टाइप केला. हो, तसाच. दोन ओळी वाढवून. कागद बाहेर आला, तळाशी 'आढळून आले', आणि पुढे कोरं. तो कागद ते किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. साहेबांनी आतून हाक मारली, "झाला का तो कारखान्याचा?" तेव्हा ते म्हणाले, "एक चूक आहे, साहेब. पाच मिनिटं." वाढवलेल्या दोन ओळी काढल्या. फार थोर विचार वगैरे मनात आले नाहीत. तो बाप मात्र डोळ्यांसमोर होता, आणि त्याचं ते ओळीवर ठेवलेलं बोट.

साहेबांनी सही केली. कागद रवाना झाला. मग पूर्णविराम म्हणाले, "साहेब, त्या जागेसाठी माझी मुलगी प्रतीक्षायादीत पहिली आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी सांगायचं असतं, माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत होतं."

"मग?"

यावर त्यांनी शेजारच्या टेबलाकडे नुसतं बघितलं. साहेबांना ते कळलं असावं, पण नियम तो नियम. चौथ्या दिवशी लेखी ताकीद हातात पडली, नोकरीतली पहिलीच. खरं लिहिल्याबद्दल माणसाला अशी बक्षिसं मिळतात.

त्या दिवशी ते घरी पोहोचले तर जेवणाची ताटं मांडलेली, आणि मुलगी उभीच. अध्यक्ष तिला रस्त्यात भेटून गेले होते. 'ताई, जागा तुझीच होती. तुझ्या वडिलांनीच लाथाडली,' असं सांगून.

"खरं आहे का, बाबा?"

"तसं नाही. मी काही लाथाडलं नाही. जे होतं ते लिहिलं."

"आणि नसतं लिहिलं तर?"

बायको म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग काय ते बोला." कुणी हललं नाही.

"तुम्ही बरोबर केलंत," मुलगी म्हणाली. "मी त्या मुलीच्या जागी असते तर तुमच्या पाया पडले असते. पण मी तिच्या जागी नाहीये. मला एवढंच सांगा, माझा विचार तरी आला होता का मनात?"

"तीन दिवस," ते म्हणाले. "तीन दिवस दुसरा कसलाच विचार आला नाही, बाळा."

तिने मान हलवली. डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"म्हणजे तीन दिवस तुम्ही माझे बाबा होतात," ती म्हणाली. "नंतर कोण झालात?"

ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.