बाई गेल्या

"मृणाल, आधी सांग, तू ठीक आहेस ना?" येरूनने फोनवर विचारलं.

येरून माझा बॉस. इतक्या वर्षांत या डच माणसाने कधी माझी तब्येत विचारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी लगेच घाबरले.

"मी ठीक आहे. काय झालं?"

"ती वारली तेव्हा तू तिथेच होतीस ना?"

"कोण वारली?"

तो म्हणाला, "ओर्नेला. मृणाल, तू कुठे आहेस? कोणी आहे का तुझ्याजवळ?"

मी ग्रोनिंगनला विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये होते. हातात चीज घातलेला ब्रोट्ये होता. इथे दुपारच्या जेवणाच्या नावाखाली हा कोरडा पाव खातात. तो तसाच टेबलवर ठेवला आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळापूर्वी मी त्याच बाईंचा हात हातात घेऊन निरोप घेतला होता. हात चांगला गरम होता.

आमची कंपनी युरोपातल्या राजकारण्यांची प्रोफाइल्स सांभाळते. जन्म, शिक्षण, पक्ष, पदं, कोणी कधी कोणाला पाडलं, सगळं. वर्तमानपत्रं, विद्यापीठं आमच्याकडून ही माहिती घेतात. आम्ही एखादा बदल केला की तो आपोआप सगळ्या ग्राहकांकडे पोचतो. त्याला फीड म्हणतात. साधे बदल रोज एकदा जातात. मृत्यूची बातमी मात्र त्याच क्षणी जाते.

ओर्नेलाबाई इटलीच्या. त्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठात त्यांचं व्याख्यान होतं आणि मागे पडद्यावर त्यांचा जीवनपट दाखवायचा होता. म्हणून सकाळी मी त्यांच्यासमोर बसून आमची प्रोफाइल ओळीने तपासून घेतली. उत्तर इटलीतल्या भातशेतीच्या मुलखात जन्म. आई लावणीला जायची. हे वाचल्यावर मी म्हटलं, आमच्याकडे कोकणातही असंच. त्यावर बाईंनी उठून भर मीटिंग रूममध्ये आई कशी वाकून रोपं लावायची ते करून दाखवलं. पुढे प्राथमिक शिक्षिका, मग युनियन, मग गावची नगराध्यक्ष, मग खासदार. थोडे महिने शिक्षणमंत्री. सरकार पडलं, मंत्रिपद गेलं.

"सरकार विरोधकांनी पाडलं?" मी विचारलं.

"छे. आमच्याकडे डावे आणि मधले एकत्र येतात, तेव्हा विरोधकांना काही कामच उरत नाही."

एकाच गोष्टीवर त्या भडकल्या. आमच्या प्रोफाइलमध्ये लिहिलं होतं, पाच वेळा पक्ष बदलला. "मी एकदाही पक्ष बदललेला नाही," त्या म्हणाल्या. "पक्षानेच नाव बदललं. चिन्ह कधी झाड, कधी फूल. मी आपली त्याच खुर्चीत बसून होते." मी सगळ्या दुरुस्त्या लिहून घेतल्या.

त्याच दुपारी रोममध्ये त्यांच्या पक्षाची सभा होती. नवा अध्यक्ष निवडायचा होता. दोन गटांत इतकं फाटलं होतं की दोघांना चालेल असं एकच नाव उरलं होतं, ते यांचं. बिनविरोध व्हायचं ठरलं होतं. "मी म्हातारी आणि निरुपद्रवी वाटते ना," त्या म्हणाल्या, पण डोळे लकाकत होते. उभं आयुष्य दुसऱ्यांसाठी सतरंज्या घातल्या होत्या, आता पहिल्यांदा मधल्या खुर्चीत बसायचं होतं. सभेला न जाता इथे का आलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या विद्यापीठाला आधी शब्द दिला होता. निवड काय, मी नसले तरी होईल." मग जरा पडते म्हणून त्या हॉटेलवर गेल्या, फोन बंद करून. मी दुरुस्त्या आमच्या टीममधल्या संदीपला पाठवल्या आणि कॅन्टीनमध्ये आले. आणि आता येरून सांगत होता की बाई वारल्या.

मी कोट न घालताच धावले. हॉटेल कालव्यापलीकडे होतं. रिसेप्शनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "पाहुण्यांची माहिती देता येत नाही."

"त्या जिवंत आहेत का, एवढंच सांगा."

"तेही देता येत नाही. प्रायव्हसी."

मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मृणाल? काही राहिलं का?"

बाई जिन्यावरून उतरत होत्या. पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. मी रडायलाच लागले. "अहो बाई, तुम्ही आहात," असं मराठीत म्हणत मी त्यांचे दंड चाचपले. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि पाणी मागवलं. तेही त्यांनीच.

पाणी पिऊन मी संदीपला फोन लावला. संदीप माझा सहकारी, मूळचा पुण्याचा, इथून दूर उइटहॉर्न नावाच्या गावात राहतो. त्या दिवशी घरून काम करत होता.

"संदीप, बाई वारल्या हे तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे काय? तूच सांगितलंस."

"मी?"

"तुझा मेसेज बघ."

बघितला. दुरुस्त्यांच्या खाली मी मराठीत लिहिलं होतं, "बाई गेल्या. आता प्रोफाइल अपडेट कर."

"अरे, हॉटेलवर गेल्या."

त्याने मेसेज पुन्हा मोठ्याने वाचला. मग म्हणाला, "मग निघाल्या म्हण ना. या वयाच्या माणसाला गेल्या कोण म्हणतं?"

"आणि तुला एका शब्दाने विचारता आलं नाही? कधी गेल्या, कशा गेल्या?"

"तू इतकं तुटक लिहिलं होतंस, वाटलं तुला धक्का बसला असेल. उगाच त्रास कशाला द्यायचा? मी 'अरेरे, करतो' असं लिहिलं की खाली."

ते अरेरे मी वाचलं होतं. मला वाटलं, दुरुस्त्या फार आहेत म्हणून कुरकुरतोय. पुण्याचा असून उलट प्रश्न न विचारणारा जगात हा एकच माणूस असेल, आणि नेमका तो माझ्या टीममध्ये. मृत्यूची नोंद करताना आमची सिस्टिम विचारते, माहिती कोणाकडून मिळाली? त्यात सगळ्यात भरवशाचा पर्याय म्हणजे प्रत्यक्ष हजर असलेली व्यक्ती. तिथे त्याने माझं नाव टाकलं. सिस्टिमने मान डोलावली आणि बाई साऱ्या युरोपात वारल्या.

नोंद मागे घ्यायला, म्हणजे रोलबॅक करायला, संदीपला वेळ लागला नाही. पण वर्तमानपत्रांनी बातमी उचललेली होती. बाईंनी फोन चालू केला. तो थरथरायचा थांबेना. पहिला कॉल त्यांच्या जुन्या सेक्रेटरीचा होता. बाईंचा आवाज ऐकून ती आधी किंचाळली, मग रडली, मग रोमला काय झालं ते सांगू लागली. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा उतरत गेला. मी विचारलं, काय म्हणते?

"सभेत बातमी वाचून दाखवली. सगळे एक मिनिट उभे राहिले. आमचं सरकार पाडून माझं मंत्रिपद घालवणारा माइकवर हुंदके देऊन रडला. म्हणाला, मी पक्षाचा विवेक होते. मग सगळे खाली बसले आणि खजिनदाराला अध्यक्ष केलं."

"लगेच?"

"हात वर करून. माझ्या शाळांच्या विधेयकाला याच लोकांनी वर्षं लावली होती."

मी हादरले. बातमी खोटी होती, ती आमची चूक. पण खरी असती तरी बाईंचा देह थंड व्हायच्या आत खुर्ची भरली होती. त्यांनी सभेच्या सूत्रधाराला फोन लावला. इटालियनमध्ये बराच वेळ चाललं. मधेमधे माझ्यासाठी त्या इंग्रजीत सांगत होत्या.

"म्हणतोय, देवाची कृपा. आता म्हणतोय, पण निवड नियमाने झाली. नाव मांडलं, हात वर झाले, सभा संपली. रद्द करायला कारण लागतं."

"कारण? तुम्ही जिवंत आहात हे कारण नाही?"

"तेच मी म्हटलं. तो म्हणतो, नियमात तसं कलम नाही."

येरूनचा पुन्हा फोन आला. त्याने बाईंची स्वतः माफी मागितली, रोमला लेखी खुलासाही पाठवला. त्याचं उत्तर तत्परतेने आलं. तुमच्या चुकीबद्दल आम्ही तुम्हाला क्षमा करतो, एवढंच.

हे सगळं कुठल्या शब्दामुळे झालं, ते बाईंना जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. आमच्यात गेला म्हणजे गेला आणि गेला म्हणजे मेलाही. म्हणून घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. नवीन सुनेकडून चुकून जाते निघालं तर सासू अजूनही येते म्हणायला लावते.

"आमच्या पक्षातही एकच शब्द आहे," बाई म्हणाल्या. "खोलीतून गेलेला माणूस मेलेलाच धरतात. तुझ्या मित्रावर चिडू नकोस."

संध्याकाळचं व्याख्यान त्यांनी दिलं. हॉल भरला होता, निम्मी मुलं वारलेली बाई बघायला आली होती हे उघड होतं. बाई शाळांवर बोलल्या, अगदी ठरल्याप्रमाणे. रोमचं नावही काढलं नाही.

आता आमच्याकडे मृत्यूची नोंद दोन माणसांनी इंग्रजीत खात्री केल्याशिवाय पुढे जात नाही. संदीप मला रोज ऑफिसमधून निघताना मुद्दाम मोठ्याने "येतो" म्हणतो. बातमी दुरुस्त झाली, प्रोफाइल दुरुस्त झाली, अध्यक्ष खजिनदारच आहे. माणूस मेला हे मान्य करायला लोकांना एक ओळ पुरते. तो जिवंत आहे हे मान्य करायचं तर कोणाला तरी खुर्चीतून उठावं लागतं.

त्या रात्री मी बाईंना हॉटेलच्या दारापर्यंत सोडलं, तेव्हा त्या नव्या अध्यक्षाचा फोन आला. त्या थोडंसं बोलल्या आणि फोन पर्समध्ये टाकला.

"काय म्हणाला?"

"मी जिवंत आहे याचा त्याला फार आनंद झालाय. मी म्हटलं, मग राजीनामा दे."

"मग?"

"खूप हसला. म्हणाला, ओर्नेला, तू अजून तशीच विनोदी आहेस."